गॅलरीचा होस्ट

१२ एप्रिल २०२०, रविवार

आजपासून रोजनिशी. फक्त स्वतःसाठी. कुणाला दाखवायची नाही, त्यामुळे सगळं खरं लिहिता येईल.

परिस्थिती अशी. तोक्योत आणि आमच्या चिबातही इमर्जन्सी. ऑफिस घरून. सुरुची आणि केतकी पुण्यात. सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन म्हणून दोघी मार्चच्या सुरुवातीला गेल्या, पंधरा दिवसांत परतणार होत्या, तेवढ्यात विमानं बंद. ग्योतोकुच्या या घरात मी एकटा. सत्तेचाळिसाव्या वर्षी एवढा मोकळा वेळ म्हणजे लॉटरीच.

संकल्प: सूर्यनमस्कार. जपानीची पुढची परीक्षा. बासरी (कपाटावर आहे, काढणे). सुरुचीला फोन, पण ठरलेल्या वेळी. येता-जाता नको.

सूर्यनमस्कार उद्यापासून. आज रविवार आहे.

१४ एप्रिल

जपानीची जुलैची परीक्षा रद्द झाली. ऐन तयारीच्या वेळी. पुस्तक आजच उघडणार होतो.

कचरा टाकायला खाली गेलो तर वरच्या मजल्यावरचा माणूस तारेची भेंडोळी जळणाऱ्या कचऱ्यात ठेवत होता. थांबवलं. कुठल्या दिवशी काय टाकायचं ते सगळं नीट समजावून सांगितलं, मग घरून तक्ता आणून तोही दिला. शांतपणे ऐकत होता. मध्येच पाऊस आला, तरी गेला नाही.

नाव केल्विन रामदीन. त्रिनिदादचा. इथल्या शाळेत मुलांना इंग्रजी शिकवतो. रामदीन म्हटल्यावर मी म्हणालो, म्हणजे तुम्ही आमचेच की! तो म्हणाला, पणजोबांचे वडील बोटीने गेले होते, मी मात्र त्रिनिदादचाच. विनय आहे माणसात.

तारा कार्निव्हलसाठी. त्या वाकवून सांगाडे करतो, त्यावर कापड आणि पिसं चढवून भलेमोठे मुकुट होतात. कलाकार आहे. मीही कलाकार असल्याचं त्याला सांगितलं (बासरी).

१९ एप्रिल, रविवार

केल्विन-सान भेटले. त्रिनिदादने सीमा बंद केल्यात, स्वतःच्या नागरिकांनाही येऊ देत नाहीत. आई तिकडे, हा इकडे. पण तिथल्या आणि आसपासच्या बेटांवरच्या कलाकारांनी एक चांगली गोष्ट सुरू केली आहे. दर शनिवारी संध्याकाळी, म्हणजे आपल्या रविवारी सकाळी आठला, सगळे व्हिडिओवर भेटतात. चित्रकार, कुंभार, ढोल बनवणारे, नाचणारे. नाव 'गॅलरी'. केल्विनची चुलत बहीण मार्वा चालवते. ती ठसेचित्रं करते.

अडचण एकच. अकाउंट फुकटातलं, त्यामुळे चाळीस मिनिटांनी सगळे बाहेर फेकले जातात. कुणी रडत असलं तरी.

माझ्याकडे पूर्ण अकाउंट आहे. म्हटलं, वापरा. म्हणजे आता होस्ट मी. कॅरिबियन कलाविश्वाची सूत्रं एका अर्थी ग्योतोकुत आली.

सुरुचीला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, छान. आणि आज आई काठीशिवाय स्वयंपाकघरापर्यंत चालली. मी म्हटलं, बघ, सगळीकडेच प्रगती आहे.

२६ एप्रिल, रविवार

पहिलं सत्र. तीसएक माणसं. कुणाच्या मागे बेडूक ओरडतायत, कुणी मासे तळतंय. कॅमेऱ्याचा अँगल एकाचाही बरोबर नाही.

एक घोळ झाला. मिस आयोला म्हणून एक वयस्कर बाई आहेत, टोबॅगोच्या. झाडांच्या सालींनी आणि पानांनी कापड रंगवतात. नवरा नाही, मुलगा कॅनडात, बाई एकट्याच. स्क्रीनवर त्यांचं फक्त कपाळ आलं आणि त्या म्हणाल्या, गुड नाइट. मला वाटलं, निघाल्या. मीही गुड नाइट म्हणून त्यांना बाहेर काढलं. त्या परत आल्या. परत गुड नाइट. परत काढलं. तिसऱ्या वेळी केल्विनचा मेसेज आला की तिकडे संध्याकाळी भेटल्यावर गुड नाइट म्हणतात, तो नमस्कार आहे.

हे आधी कळवायला हवं होतं. डॉक्युमेंटेशन शून्य.

बाईंना राग आला नाही. म्हणाल्या, मिस्टर श्री, तुमचं दार फार जड आहे हो. सगळे हसले. माझ्या तत्परतेचं त्यांना कौतुक वाटलेलं दिसलं.

३ मे, रविवार

निरीक्षणं. अजेंडा नाही. मार्वा एकेकाला विचारते, कसे आहात, आणि त्यातच निम्मा वेळ संपतो. लोक खरंच सांगतात कसे आहेत ते! बार्बाडोसचा लेस्टर ढोल बनवतो, त्याने काही न बोलता पाच-सात मिनिटं फक्त रडून घेतलं. त्याचे वडील इस्पितळात आहेत, भेटू देत नाहीत. कुणी विषय बदलला नाही. मिस आयोला हलक्या आवाजात काहीतरी गुणगुणत बसल्या. नंतर त्यांनी एक पान दाखवलं, पानावरून शेजाऱ्याची बकरी, बकरीवरून मेलेली बहीण.

वीस वर्षं प्रोजेक्ट सांभाळतोय मी. या लोकांना माझी गरज आहे.

सूर्यनमस्कार: दोन. पाठीत उसण. विश्रांती.

६ मे, बुधवार

घरचा फोनही शिस्तीत आणला. सुरुचीला कॅलेंडरवर निमंत्रण पाठवलं. मुद्दे तीन: तब्येत, अभ्यास, इतर. पंधरा मिनिटं.

तब्येत ठीक. केतकीला विचारलं, अभ्यास कसा चाललाय? म्हणाली, बेत्सुनी. म्हणजे विशेष काही नाही. चौदा वर्षांची मुलगी पुण्यात राहूनही जपानी विसरलेली नाही, याचं समाधान वाटलं. 'इतर' मध्ये सुरुची काहीतरी सांगायला लागली, पण माझी ऑफिसची मीटिंग सुरू होत होती. म्हटलं, पुढच्या बुधवारी पहिला मुद्दा तोच घेऊ.

पुढच्या बुधवारसाठी टीप: सुरुचीला विचारणे, काय ते.

१७ मे, रविवार

आजपासून सुधारणा लागू. आत येताना सगळ्यांचे माइक बंद. ज्याची पाळी त्याचाच मी चालू करणार. प्रत्येकाला पाच मिनिटं, संपताना घंटी. विषयांतर नाही. 'कसे आहात' साठी वेगळा फॉर्म, तो आधी भरून आणायचा. गॅलरीचा लोगोही केला, त्यात फुजी आणि नारळाचं झाड.

मार्वा म्हणाली, मिस्टर श्री, तुम्ही किती व्यवस्थित आहात. लिहून ठेवतो, कारण अशी पोचपावती ऑफिसात कधी मिळत नाही.

मिस आयोलांना घंटी दारावरची वाटली. उठून बघायला गेल्या. त्यात त्यांची पाळी संपली.

३१ मे, रविवार

इमर्जन्सी उठली. तोझाई लाइनच्या लोकल हळूहळू भरतायत म्हणतात. आमचं ऑफिस मात्र अजून घरूनच.

गॅलरीत आज अठराजण. नुसता वेळ घालवायला येणारे गळले, गंभीर माणसं राहिली. हे अपेक्षितच होतं.

फॉर्म एकानेही भरला नाही. तिकडे इंटरनेट कमजोर आहे.

१७ जून, बुधवार

सुरुचीचा फोन, वेळ ठरलेली नसताना. केतकीचं नाव पुण्यातल्या शाळेत घातलं. वर्ष वाया जायला नको म्हणून. तात्पुरतं. निर्णय योग्य, फक्त मला आधी कळवला असता तर पर्यायांचा तक्ता करून दिला असता.

सुरुची आणखी बराच वेळ बोलत होती. फ्लाइट सुरू झाल्या तरी, असं काहीतरी. लाइन खराब होती. नीट ऐकू आलं नाही.

कोपऱ्यावरच्या कोन्बिनी दुकानातून रात्रीचं जेवण. बासरी काढली. धूळ. परत ठेवली.

२१ जून, रविवार

मोठा दिवस. आज पाहुणा कलाकार मी. विषय: 'कलेतील प्रक्रिया-सुधारणा: जपानकडून धडे'. स्लाइड्स साठ. मिस आयोलांच्या कापडाचा फ्लोचार्ट मुद्दाम घातला होता: साल उकळण्यात दोन दिवस जातात ते चार तासांवर कसे आणता येतील. स्वतःसाठी घंटी लावली नाही, प्रमुख वक्त्याला लावत नाहीत.

प्रश्नोत्तरांत फक्त मिस आयोला. त्यांनी विचारलं, मिस्टर श्री, आणि ते वाचलेले दोन दिवस मी कुठे ठेवू?

प्रश्नाचा रोख समजला नाही. ऑफलाइन बोलू म्हटलं.

शेवटी नऊजण होते. संध्याकाळी केल्विन जिन्यात भेटला. म्हणाला, तुम्ही खूप मेहनत घेतलीत. मग म्हणाला, एखाद्या रविवारी आपण नुसतं बसलो तर? मी म्हटलं, नुसतं बसायला होस्ट कशाला लागतो?

त्याने मान हलवली. पटलेलं दिसलं.

५ जुलै, रविवार

आजची नोंद तपशिलात, कारण नियमांची खरी कसोटी लागली.

मिस आयोलांची पाळी. आज त्यांचा पूर्ण चेहरा दिसत होता, शेजारच्या कुणीतरी फोन नीट टेकवून दिला असावा. केस विंचरलेले, कानांत काहीतरी. म्हणाल्या, आज मला तुम्हा सगळ्यांना एक सांगायचं आहे. आणि सुरुवात केली अर्थातच नदीपासून. पाच मिनिटांनी घंटी. त्यांनी दाराकडे पाहिलं, हसल्या, आणि बोलत राहिल्या. दुसरी घंटी. शेवटी मी माइक बंद केला. बाईंना ते कळलंच नाही. बोलतच होत्या. मध्ये एक कापड कॅमेऱ्यासमोर धरलं, गडद तांबडं-काळं, त्यावर बोट फिरवून काहीतरी समजावत होत्या. बाकीचे सगळे हात हलवत होते, बाईंना प्रोत्साहन. तेवढ्यात माझ्या छतावर धपधप. केल्विन वर काहीतरी आपटत होता. रविवारी सकाळी असा आवाज आपल्या इमारतीच्या नियमात बसत नाही. त्याला एकदा सांगावं लागेल. फोन मी सत्राच्या वेळी उलटा ठेवतो, त्यामुळे त्याचे मेसेज नंतर पाहिले. सगळ्यांत एकच: माइक चालू करा.

एकाला सवलत दिली की सगळ्यांना द्यावी लागते. वेस्ट इंडीज असो की पुणे.

बाई बराच वेळ बोलल्या. मग हात हलवून निरोप घेतला. चेहरा समाधानी होता. म्हणजे त्यांचीही तक्रार नाही.

१२ जुलै, रविवार

पाचजण. मिस आयोला आल्या नाहीत. न कळवता गैरहजर.

१३ जुलै, सोमवार

केल्विन संध्याकाळी दारात. आत ये म्हटलं तर आला नाही.

मिस आयोला शुक्रवारी गेल्या. घरातच. कोरोना नाही, हृदय. शेजारीण सकाळी पाव घेऊन गेली तर बाई खुर्चीत. तिकडे अंत्यविधीला मोजकीच माणसं चालतात. मुलाला, एरॉलला, टोरांटोहून येताच येणार नाही, सीमा बंद.

केल्विन म्हणाला, एरॉलने मार्वाला विचारलंय. तुम्ही सगळं रेकॉर्ड करता ना? आईचं शेवटचं बोलणं त्याला ऐकायचं आहे. त्या शनिवारच्या आदल्या दिवशी ती त्याला फोनवर म्हणाली होती, उद्या मी त्या लोकांना तुझ्याबद्दल सांगणार आहे. काय सांगणार ते बोलली नाही.

मी म्हटलं, अर्थात! प्रत्येक सत्र, तारखेप्रमाणे, दोन ठिकाणी कॉपी. उद्याच पाठवतो. केल्विन माझ्याकडे बघत उभा राहिला. मी म्हटलं, काय झालं? तो म्हणाला, काही नाही, आणि जिना चढून गेला.

दार लावल्यावर लक्षात आलं.

१४ जुलै, मंगळवार

फाइल उघडली. पहिली पाच मिनिटं आवाज उत्तम. नदी कुठून येते, तिथे मुलं कशी पोहायची, नदीकाठचं साल काढायचं झाड. मग घंटी, घंटी. मग काही नाही. बाई बोलतायत.

माझी तांत्रिक पार्श्वभूमी भक्कम आहे. मार्ग निघेल. आवाज वाढवायचं एक सॉफ्टवेअर उतरवलं. पूर्ण वाढवलं. माझ्याच खुर्चीची करकर ऐकू आली.

१५ जुलै, बुधवार

ऑफिसातल्या जयेशला विचारलं, एका मित्राचा प्रश्न म्हणून. नेटवर्कचं तोच बघतो. म्हणाला, सर, माइक बंद असेल तर आवाज तिथून निघालाच नाही. जे आलंच नाही ते कुठून काढणार? मी म्हटलं, सर्व्हरवर कुठेतरी असेलच. तो म्हणाला, नाही सर. कुठेच नाही. मग विचारलं, सर, तुम्ही बरे आहात ना?

ईमेलचा मसुदा: 'काही अपरिहार्य तांत्रिक कारणांमुळे'. खोडला. 'प्लॅटफॉर्मच्या मर्यादेमुळे'. तोही खोडला.

घरचा बुधवारचा फोन राहिला. सुरुचीनेही केला नाही.

१६ जुलै, गुरुवार

शेवटी केल्विनला बोलावलं. माझ्याकडे पहिल्यांदाच आला. त्याला म्हटलं, तू त्यांची भाषा जाणतोस, ओठांवरून काही कळतंय का बघ. दोघं जमिनीवर बसून बघत राहिलो. त्याने एक-दोन शब्द पकडले. 'नदी'. 'माझा मुलगा', हे बऱ्याचदा. एका ठिकाणी बाई स्वतःच्याच बोलण्यावर जोरात हसल्या आणि केल्विनही हसला, काय विनोद होता ते माहीत नसताना. मग त्याने तोंडावर हात ठेवला.

मी म्हटलं, नियम सगळ्यांना सारखा होता, केल्विन-सान. गॅलरीसारख्या ठिकाणी वक्त्यांना वेळ नेमून द्यावाच लागतो.

तो म्हणाला, तुम्हाला गॅलरी म्हणजे काय वाटलं?

म्हटलं, चित्रांची. प्रदर्शनाची.

नाही, तो म्हणाला. आमच्याकडे घराच्या पुढच्या पडवीला गॅलरी म्हणतात. संध्याकाळी काम झालं की तिथे खुर्ची टाकून बसायचं. रस्त्याने जाणारा थांबतो, बोलतो, जातो. तिकडे सगळी दारं बंद झाली, म्हणून मार्वाने ती सुरू केली. एवढंच होतं ते.

आम्हीही तिला गॅलरीच म्हणतो. पुण्याच्या घरी आहे. सुरुची तिथे वेलची सोलायची, केतकी तिच्या पायाशी बसून काहीबाही सांगायची. मी आत लॅपटॉपवर असायचो. दार लोटून घे म्हणायचो, आवाज येतो.

हे कशाला लिहिलं कोण जाणे.

१८ जुलै, शनिवार

एरॉलशी बोललो. ईमेल नको, केल्विन म्हणाला, तोंडाने सांगा. तो शेजारी बसला होता.

एरॉल पन्नाशीचा, बस चालवतो. मी तयारी केली होती: पार्श्वभूमी, घटनाक्रम, उपाययोजना. त्याने हॅलो म्हटलं आणि मला पहिला मुद्दा आठवेना. म्हणालो, तुमच्या आई बोलत होत्या आणि मी त्यांचा आवाज बंद केला. पाच मिनिटं झाली म्हणून. पुढचं कुणालाच ऐकू आलं नाही. ते कुठेच नाही.

मला वाटलं लाइन गेली. गेली नव्हती.

मग तो म्हणाला, तिला कळलं का? बंद केल्याचं?

म्हटलं, नाही. शेवटपर्यंत नाही.

तो म्हणाला, बरं झालं. मग म्हणाला, आहे तसं दाखवा.

स्क्रीनवर लावलं. तो बघत होता. बाईंनी ते कापड वर धरलं तेव्हा त्याने थांबवायला सांगितलं. जवळ वाकला. म्हणाला, हा माझा शाळेचा शर्ट आहे. खिसा बघा. पांढरा होता.

तो शर्ट तिने एवढी वर्षं ठेवला हे त्याला माहीत नव्हतं. शर्टाबद्दल ती काय म्हणाली, ते त्याने मला विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं असं वाटलं, आणि मग वाटलं, माझ्याकडे सांगायला काय होतं?

फाइल पाठवली. केल्विन जाताना म्हणाला, खरं सांगितलंत. शाबासकी नव्हती ती. नुसतं म्हणाला.

१९ जुलै, रविवार

आठला लिंक उघडली. कुणी नाही. शोक पाळत असतील. योग्यच आहे.

घंटी, फॉर्म, बंद माइक, सगळं काढून टाकलं. तसा सविस्तर ईमेलही सगळ्यांना पाठवला. विषय: 'गॅलरी, सुधारित आवृत्ती'.

२६ जुलै, रविवार

कुणी नाही. ईमेल स्पॅममध्ये गेला असणार. परत पाठवला.

स्क्रीनवर माझाच चेहरा. दाढी करायला हवी.

२ ऑगस्ट, रविवार

आठ वाजता लिंक उघडली. इथे पावसाळा संपला एकदाचा, म्हणून बाल्कनीचं दार उघडं ठेवलं होतं. वरून केल्विनचा आवाज येत होता, आणि आणखी बरेच आवाज. बायका, पुरुष. बेडूक. कुणीतरी ढोलावर बोटं वाजवत होतं. सगळे मोठ्याने हसले, मग एकदम शांत झाले, मग एकच कुणीतरी बोलत राहिलं.

केल्विनच्या घरच्यांचा फोन असेल. मोठं कुटुंब आहे.

मध्येच आवाज तुटले. केल्विन म्हणाला, चाळीस मिनिटं झाली, परत जोडतो.

मी माझी लिंक बंद केली नाही. कुणी चुकून आलं तर.

९ ऑगस्ट, रविवार

आज वर गेलो. तक्रार करायला. रविवारी सकाळी एवढा आवाज चालत नाही, हे कधीतरी सांगायलाच हवं होतं. नियमाचा कागदही हातात होता.

केल्विनने दार उघडलं. खोलीभर तारा, मधल्या मोकळ्या जागेत जमिनीवर लॅपटॉप. स्क्रीनवर पंचवीस-तीस चेहरे. लेस्टर होता. एका चौकोनात बसचा गणवेश घातलेला एरॉल. मला दारात पाहून सगळे गप्प झाले. मी कागद पाठीमागे धरला.

मार्वा म्हणाली, मिस्टर श्री. मग म्हणाली, या, बसा. कसे आहात?

ठीक आहे म्हणायला तोंड उघडलं आणि म्हणालो, माझी बायको आणि मुलगी परत येणार नाहीत.

जूनमध्येच सुरुचीने सांगितलं होतं. फ्लाइट सुरू झाल्या तरी आम्ही येणार नाही, श्रीहरी. तिकडे माझं बोलणं तुझ्या दोन मीटिंगांच्या मधे बसवावं लागतं. इकडे आई तरी ऐकते. अगदी स्पष्ट ऐकू आलं होतं मला. ती रडत नव्हती, त्यामुळे तर आणखी स्पष्ट.

हे इंग्रजीत सांगताना अडखळलो. कुणी सल्ला दिला नाही. मार्वा काहीतरी तळत होती, तिने गॅस बंद केला. एरॉल म्हणाला, सॉरी, मॅन. ज्या माणसाला मी म्हणायला हवं होतं त्यानेच मला म्हटलं. मीही म्हटलं मग. त्याने मान हलवली.

लेस्टरने विचारलं, मुलीचं नाव काय? म्हटलं, केतकी. अर्थ काय? म्हटलं, एक फूल आहे, पानं काटेरी, वास खूप लांबपर्यंत जातो. त्याने नाव म्हणून पाहिलं. केटाकी. मग मार्वाने. मग एकेकाने, कुठल्या कुठल्या बेटांवरून. कुणालाच जमलं नाही. केल्विनने तारा बाजूला सारून मला बसायला जागा केली.

खाली आलो तेव्हा बारा वाजून गेले होते. सुरुचीला फोन लावला. उचलला नाही. तिकडे रविवार सकाळ, कामात असेल. असं लिहितोय, पण तिने नाव पाहून तो वाजू दिला असेल, हेही मला माहीत आहे.

भात लावला. एकट्यापुरता किती लावायचा ते इतके महिने झाले तरी जमत नाही. आजही उरला.